चंदगडहून एसटीत बसायच्या आधी दवाखान्याच्या वेबसाईटनं काय सांगावं?

राजारामपुरी_काउंटर (धागाकर्ती)

नमस्कार. राजारामपुरीतल्या एका मधुमेह-रक्तदाबाच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळते, अकरा वर्षं झाली. केसपेपर काढणं, नंबर लावणं, फोन घेणं, लॅबचे रिपोर्ट ज्याच्या त्याच्या फायलीला लावणं, सगळं माझ्याकडं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी डॉक्टर परिषदेसाठी बाहेरगावी होते. दाराला तशी पाटी लावली होती. साडेनऊच्या सुमारास चंदगड तालुक्यातलं एक म्हातारं जोडपं आलं. पहाटेची पहिली एसटी, शंभरावर किलोमीटर. आजोबांनी पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता बाकावर बसले. आजींनी पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढलं. उपाशीपोटीची साखर तपासायची म्हणून दोघांनीही आदल्या रात्रीनंतर काही खाल्लं नव्हतं. आजोबांचे हात थरथरत होते. मी आधी साखरपाणी दिलं, मग बाकीचं विचारलं. तेव्हा कळलं की नातवानं रात्री आमची वेबसाईट उघडून बघितली होती. 'सोमवार ते शनिवार, 10 ते 2' एवढंच तिथं होतं. त्या मंगळवारचं काही नव्हतं.

पाटी मीच लावली होती. दारापर्यंत येऊन पोचलेल्या माणसाला ती वाचून काय मिळणार, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, वेबसाईट नवीन करायचीच आहे, त्यात काय हवं ते तुम्हीच लिहून काढा, फोन तुम्ही घेता. तेव्हापासून एक वही ठेवली आहे. फोन आला की प्रश्नापुढं एक रेघ. सगळ्यांत जास्त रेघा 'डॉक्टर आज आहेत का' ह्याच्यापुढं. मग 'माझा नंबर किती वाजेपर्यंत येईल'. मग 'उपाशी यायचं का, पाणी चालतं का, गोळी घ्यायची का'. मग 'राजारामपुरी कितवी गल्ली'. फी किती, रिपोर्ट आला का, जिना आहे का लिफ्ट, आईला चालता येत नाही.

वेबसाईट करून देणाऱ्या मंडळींनी नमुना पाठवलाय. वर सरकणारी पाच चित्रं, त्यातल्या एकाही चेहऱ्याचा माणूस आमच्या बाकावर कधी बसलेला मी बघितला नाही. खाली 'आमचे ध्येय', 'आमची मूल्ये'. माझ्या वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

तुम्ही रुग्ण म्हणून, रुग्णाचे नातेवाईक म्हणून ह्यात कुठं अडकलात ते सांगा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही लिहावं. मी वहीत उतरवून घेणार आहे.

गडहिंग्लजचा_पुण्यात

ताई, धागा काढलात, बरं झालं. आई गडहिंग्लजला एकटी असते, मी पुण्यात. तिची दुखणी मी फोनवरून चालवतो.

मागं तिला कोल्हापुरात एका ठिकाणी (नाव घेत नाही) ओटीपोटाची सोनोग्राफी सांगितली. फोनवर म्हणाले, 'उद्या अकराला या.' दुसरं काही नाही. ती बिचारी प्रवासातून उतरल्यावर आधी स्वच्छतागृह गाठून मग तिथं गेली. आत गेल्यावर म्हणाले, लघवी तुंबलेली पाहिजे, पाणी प्या आणि थांबा. दीड तास पाणी पीत बसली, तोवर डॉक्टर दुसरीकडं गेले. चार महिन्यांनी पित्ताशयासाठी वरच्या पोटाची सोनोग्राफी. ह्या वेळी मागचं आठवून ती चहा आणि तांब्याभर पाणी पिऊन गेली. ती उपाशीपोटी करायची असते! पुन्हा परत. दोन्ही वेळा चूक तिची नव्हती. एकाच नावाच्या दोन तपासण्यांची तयारी उलटी असते हे तिला कुणी सांगायला हवं होतं.

माझं मागणं एवढंच आहे, प्रत्येक तपासणीचं छोटं वेगळं पान असू द्या. चार ओळी. काय खायचं, काय नाही, कुठली गोळी, काय बरोबर आणायचं, किती वेळ लागेल. त्या पानाची लिंक मी आईच्या व्हॉट्सॲपवर टाकीन आणि शेजारच्या मुलीला वाचून दाखवायला सांगेन. सगळी माहिती एका लांबलचक पानावर कोंबली, तर तिला नेमकं कुठलं वाचायचं ते मला फोनवर समजावून सांगता येत नाही.

जुना_बुधवार

राग मानू नका, पण मला हे पटत नाही. आमच्या पेठेतल्या जुन्या डॉक्टरांना घरातल्या चार पिढ्या माहीत होत्या. वडील आजारी पडले की मी सायकलवर जाऊन सांगायचो, ते यायचे. आता फोन लावला तर 'एक दाबा, दोन दाबा'. वेबसाईटवर जेवढा खर्च करणार तेवढ्यात फोनवर बोलायला एक माणूस ठेवा. आजारी माणसाला आवाज ऐकायचा असतो.

राजारामपुरी_काउंटर

काका, राग कशाचा. तुमचं म्हणणं माझ्या मनातलंच आहे. पण काउंटरच्या ह्या बाजूचं सांगते. सकाळी साडेनऊ ते अकरा फोन खाली ठेवायला मिळत नाही. 'डॉक्टर आहेत का', 'आहेत', 'डॉक्टर आहेत का', 'आहेत'. त्याच वेळी समोर एक बाई उभी असते, जिला नुकतंच कळलंय की आपल्याला आयुष्यभर इन्सुलिन घ्यायला लागणार. तिच्याशी दोन वाक्यं बोलायची असतात, ती राहून जातात. 'आहेत का'चं उत्तर दुसरीकडं मिळालं, तर माझा आवाज ज्याला खरोखर हवा आहे त्याच्यासाठी उरेल.

उद्यमनगर_डेव्ह

मी वेबसाईटच करतो, दवाखान्यांच्याही तीन-चार केल्या. ताईंची ती वही मला कामाच्या आधी मिळाली असती तर माझी अर्धी कामं वेगळी झाली असती.

सगळ्यांत वर 'आज' नावाची एक पट्टी ठेवा. 'आज मंगळवार. डॉक्टर नाहीत. उद्या 10 ला आहेत.' अक्षरं मोठी, रंग ठळक. ही पट्टी काउंटरवरच्या माणसाला स्वतःच्या मोबाईलवरून अर्ध्या मिनिटात बदलता आली पाहिजे. इथंच बहुतेक वेबसाईट मरतात. बदल करायला करून देणाऱ्याला फोन लावायचा, तो दोन दिवसांनी करणार. करार करतानाच लिहून घ्या, की वेळा, सुट्ट्या आणि फी आम्ही स्वतः बदलणार. डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, दवाखान्याच्या नावावरच घ्या, हेही त्याच कागदावर. आणि जो बदल वेबसाईटवर तोच गुगल मॅपवरच्या वेळेतही करायचा, कारण निम्मे लोक तिथंच बघून निघतात.

दुसरं, वजन. ती सरकणारी चित्रं काढून टाका. गगनबावड्याच्या बाजूला रेंजची एक काडी असते, तिथं पाच मोठे फोटो उतरेपर्यंत माणूस कंटाळून बंद करतो. आधी मजकूर दिसू दे, फोटो लागलेच तर तुमच्या दाराचा, जिन्याचा आणि गल्लीच्या तोंडाचा ठेवा. तो बघून माणूस पोचतो.

तिसरं, मराठी. कित्येक जण मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याचं चित्र चिकटवतात. ते शोधात सापडत नाही, मोठं केलं की फाटतं, कॉपी करून कुणाला पाठवता येत नाही. सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी टाइप होतं तसं, लिहा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळं ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायला लागतं. 'मुक्ता'सारखा फुकट मिळणारा फॉन्ट बारीक पडद्यावरही स्वच्छ वाचता येतो.

फोन नंबर असा ठेवा की बोट लावलं की थेट कॉल लागेल. नंबर चित्रात असला की म्हातारी माणसं तो कागदावर उतरवून घेतात आणि एखादा आकडा चुकतो.

नंबर लावायच्या फॉर्मात नाव, गाव, फोन, नवीन की जुना पेशंट, एवढंच. ईमेल सक्तीचा नको, पासवर्ड तर नकोच. आणि बटणावर 'अपॉइंटमेंट बुक करा' लिहू नका, 'नंबर लावा' लिहा. आपल्याकडं नंबरच लावतात.

सहा_ठिपके

मला अजिबात दिसत नाही. मोबाईल बोलतो त्यावर माझं काम चालतं. निवृत्त शिक्षक आहे, मधुमेह आहे, महिन्याला दवाखाना आहे.

वरच्या मित्रांनी चित्रातल्या मजकुराचं लिहिलं ते माझ्यासाठी जिवाचं आहे. माझा फोन अशा चित्राला फक्त 'चित्र' म्हणतो. त्या चित्रात दवाखान्याची वेळ आहे की बंद असल्याची सूचना, मला कळायला मार्ग नाही. दुसरी अडचण तारीख निवडायच्या कॅलेंडरची. चौकटीच चौकटी, बोट फिरवलं तर 'बटण, बटण, बटण'. कुठली तारीख ते सांगतच नाही. तिथं साधं 'उद्या', 'परवा', 'शुक्रवार' असं लिहिलेलं असेल तर मी एका मिनिटात नंबर लावीन. तिसरी, ओटीपी. मेसेज ऐकायचा, आकडे लक्षात ठेवायचे, परत पानावर यायचं, तोवर वेळ संपते. किमान पाच मिनिटं द्या.

आणि पानाच्या आत भाषा मराठी आहे अशी खूण करायची सोय असते, ती करून देणाऱ्याला आठवणीनं सांगा. नाहीतर कधी कधी फोन मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि एक अक्षर कळत नाही.

ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी एक. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं सध्या सगळीकडं आहेत. मधुमेहानं डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले लोक तुमच्याच दवाखान्यात येणार ना? जगभर मानलेला नियम आहे, साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान 4.5 ला 1 हवा. करून देणाऱ्याला तेवढा आकडा सांगितला तरी पुरे.

दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा आहे, त्यावर बोट ठेवूनही मला हे मागता येईल. पण मला माझा नंबर माझ्या हातानं लावायचाय, एवढंच म्हणतो. मुलाला ऑफिसात फोन करायचा, तो लावून देणार, मग त्याला विचारायचं लागला का. साठीनंतर हे फार लागतं.

आशाताई_गगनबावडा

आमच्या वाड्यांवर पेशंट वेबसाईट उघडत नाही, पेशंटचा भाचा उघडतो. नाहीतर मी उघडते. तेव्हा 'तुमच्यासाठी दुसरं कुणी नंबर लावत असेल तर' ही सोय ठेवा. फोन माझा, पेशंटचं नाव वेगळं, असं चालत नाही म्हणून कितीदा फॉर्म अडकतो. एका फोनवर एकच नाव चालतं! आमच्याकडं एका फोनवर अख्खी वाडी चालते.

फी लिहा. पहिल्या वेळची किती, परत दाखवायची किती, किती दिवसांत दाखवलं तर परत फी लागत नाही. यूपीआय चालतं की रोख हवी. लोक फीला घाबरत नाहीत, किती लागणार ते माहीत नसण्याला घाबरतात. माहीत नाही म्हणून पुढच्या बाजारच्या दिवसावर ढकलतात, आणि पायाची जखम तोवर काळी पडते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि महात्मा फुले योजनेत तुमचा दवाखाना आहे का नाही ते स्पष्ट लिहा. नसेल तर 'नाही' लिहा. लोक पिवळं-केशरी रेशनकार्ड घेऊन येतात आणि काउंटरवर कळतं की इथं बसत नाही. भरती व्हायची वेळ आली तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, एवढी एक ओळ टाकली तरी माणसाची फरपट वाचते.

पांढरा_कोट

मी कोल्हापुरातच प्रॅक्टिस करतो, मेडिसिन. धाग्यातलं पहिलं पोस्ट वाचून मी माझ्या दाराची पाटी डोळ्यांसमोर आणली. काही गोष्टी नियमांच्या, काही औषधाच्या.

वेबसाईट म्हटलं की आम्ही डॉक्टर दोन टोकांना जातो. एक म्हणतो जाहिरातीला बंदी आहे, म्हणून काहीच नको. दुसरा रुग्णांच्या कौतुकाचे व्हिडिओ टाकतो. आमचे आचारसंहितेचे नियम 2002 चे आहेत. रुग्ण ओढायला जाहिरात करायची नाही, हे खरं. पण प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस नसणार आहे, परत आलो, फी इतकी आहे, हे जाहीर करायची मुभा त्याच नियमांत आहे. म्हणजे ताईंच्या वहीतल्या पहिल्याच रेघेला नियमांचा पाठिंबा आहे. नोंदणी क्रमांक ठळक लिहा. माझ्या मते रुग्णांच्या अभिप्रायांचा रकानाच नको.

त्याच नियमांत आणखी एक आहे जे फार थोड्या रुग्णांना ठाऊक असतं. भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे, आणि रुग्णानं मागितले तर 72 तासांत द्यायचे. आपले कागद मागायचे कसे, हे वेबसाईटवर दोन ओळींत लिहिलं तर लोक संकोच न करता मागतील. खाटा असलेल्या दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असे शुश्रूषागृहांचे नियम 2021 मध्ये सुधारले गेले. भिंतीवर लावायची आहे, तीच वेबसाईटवर टाकायला काय हरकत?

आता औषधाचं. ताई, त्या आजोबांचे हात थरथरत होते हे वाचून माझा जीव वर-खाली झाला. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसानं रात्रभर उपाशी राहून तीन-साडेतीन तास एसटीचा प्रवास करणं धोक्याचं आहे. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, मग भान जाणं. तुमच्या वेबसाईटवर हे ठळक हवं: 'लांबून येणाऱ्यांनी उपाशीपोटीची तपासणी आपल्या गावाजवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट आणावा. उपाशी प्रवास करू नये.' तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी असते तिला उपाशी राहावंच लागत नाही. कित्येक जण तिच्यासाठीही उपाशी येतात, कारण कुणी सांगितलेलं नसतं.

ज्यांना थरथर सुटली त्यांच्यासाठी: तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, बरं वाटलं की काहीतरी खा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, 108 ला फोन. हे पान दवाखाना बंद असतानाही वाचलं जाईल.

'नंबर लावा' ह्या बटणाच्याही वर एक ओळ हवी. छातीत दाब, दम, अचानक घाम, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, अशा वेळी नंबर लावत बसू नका, 108. मधुमेहींना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असं नसतं, नुसता घाम आणि दम येतो. म्हणून 'घाम' हा शब्द वगळू नका.

वेळेचं मात्र एक कबूल करायला हवं. 11.20 ला या असं लिहिलं तरी 11.20 ला मी मोकळा असेन ह्याची खात्री मी देऊ शकत नाही. मध्येच कुणी गंभीर येतो. त्यापेक्षा 'सध्या 14 नंबर आत आहे' एवढं दर थोड्या वेळानं बदलत राहिलं तर लोक बाहेर दोन घास खाऊन येतील. बाकावर बसून रक्तदाब वाढवणार नाहीत.

कृष्णाकाठ_शिरोळ

2019 च्या पुरात कुरुंदवाड, नृसिंहवाडीकडची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी बघितलंय. 2021 च्या जुलैत पुन्हा. वडील इन्सुलिनवर. घरात पाणी शिरायच्या आधी आम्ही पाहुण्यांकडं गेलो, तिथं चार दिवस वीज नव्हती. फ्रीज बंद म्हणून इन्सुलिनच्या बाटल्या खराब झाल्या असतील असं समजून भावानं दोन्ही टाकून दिल्या. मेडिकल बंद, रस्ते बंद. डॉक्टरांचा फोन लागेना. दीड दिवस वडील इन्सुलिनशिवाय होते. त्या दीड दिवसात घरातला एकही माणूस झोपला नाही.

नंतर कळलं की त्यातली चालू बाटली टाकायची गरज नव्हती. हे कुठंतरी लिहिलेलं असतं तर? पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हाच आमच्याकडं सामान बांधायला सुरुवात होते, 43 ला धोका. तुम्ही तेव्हाच वेबसाईटवर 'पुराच्या दिवसांत' असं पान वर आणा. दवाखाना चालू आहे का, पर्यायी फोन कुठला, औषधं किती दिवसांची जवळ ठेवायची.

पांढरा_कोट

हे तुमच्याकडून ऐकून फार वाईट वाटलं. लिहून ठेवा: वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर, 30 अंशांच्या खाली चालते. तुमच्या बाटलीबरोबरच्या कागदावर नेमके दिवस असतात. न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या, पण वीज गेली म्हणून लगेच फेकायच्या नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी आत जाणार नाही अशा डबीत ठेवा. गोठू मात्र द्यायची नाही. गोठलेली बाटली पुन्हा वापरू नका.

रस्ते बंद असताना फोनवरून सल्ला देता येतो. मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात जुन्या रुग्णाची फेरतपासणी फोनवर किंवा व्हिडिओवर करायला आणि चिठ्ठी पाठवायला परवानगी आहे. काही औषधं त्यातून वगळलेली आहेत. एरवीसुद्धा चंदगडच्या स्थिर रुग्णाला दर महिन्याला यायला लावायची गरज नसते. कुणाला फोनवर चालेल आणि कुणाला यावंच लागेल, हे वेबसाईटवर लिहा.

निपाणीकर

आमच्या भागातून कोल्हापूरला येणारी माणसं पुष्कळ. मी मराठी वाचतो, पण आमच्या शेजारच्या कित्येकांना फक्त कानडी वाचता येतं. सगळी वेबसाईट नको, 'आज' पट्टी, तयारीची पानं आणि 108 चं पान एवढं तरी कानडीत करा. मजकूर द्या, मी आणि माझी बहीण बसून कानडी करून देतो. एक लक्षात घ्या, मशीनवर भाषांतर करून तसंच चिकटवू नका. गोळी 'जेवणाआधी' की 'जेवणानंतर' हे चुकलं तर कसं चालेल?

नाव_नको

वेगळ्या नावानं लिहिते आहे. एका दवाखान्यात माझा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो चुकून दुसऱ्याच नंबरवर पाठवला. तो नंबर आमच्याच गावातल्या एकाचा निघाला. आजार असा होता की गावभर झाल्यावर माझं लग्न मोडलं. तेव्हापासून मी कुठल्याही फॉर्मात आजार लिहीत नाही.

ताई, नंबर दाखवायच्या पडद्यावर आणि वेबसाईटवर पेशंटचं नाव येऊ देऊ नका, नुसता आकडा. फॉर्मात 'काय त्रास होतो' असा रकाना ठेवू नका. रिपोर्ट पाठवायच्या आधी फोन करून 'ह्याच नंबरवर पाठवू का' असं विचारा. एवढंच सांगायचं होतं.

उद्यमनगर_डेव्ह

ताई, हे लिहायला धीर लागतो. मी आधी केलेल्या एका वेबसाईटवर 'त्रासाचं वर्णन' असा रकाना आहे. आज रात्रीच काढतो.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. माहिती ज्या कामाला मागितली त्याच कामाला वापरायची, आणि ती कशासाठी घेतोय हे सांगून परवानगी घ्यायची. ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी, असं त्यात आहे. म्हणजे मराठीत आणि कानडीतही. इंग्रजी बारीक अक्षरांच्या खाली एक टिचकी मारून घेतलेली परवानगी मला तरी परवानगी वाटत नाही. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकायचाच असेल तर फाईलला कुलूप लावा, आणि त्याचा आकडा रुग्णानं ठरवलेला असू द्या. जन्मसाल नको, ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

राजारामपुरी_काउंटर

दोन दिवस वाचते आहे. काही ठिकाणी डोळ्यांत पाणी आलं. नाव_नको, तुमचं पोस्ट मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. नंबराच्या पडद्यावरची नावं त्याच दिवशी संध्याकाळी काढली.

पहिलं पान लिहून काढलंय. चुका सांगा.

'आज: डॉक्टर आहेत / नाहीत. सध्या ___ नंबर आत आहे.

छातीत दाब, दम, अचानक घाम, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं: नंबर लावू नका, 108 ला फोन करा.

नंबर लावा. (दुसऱ्यासाठी लावत असाल तरी चालेल. एका फोनवरून कितीही नावं.)

येताना आणा: मागचे सगळे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, चष्मा.

लांबून येणाऱ्यांनी रिक्तपोटी प्रवास करू नये. रिक्तपोटी तपासणी गावाजवळ करून रिपोर्ट आणावा. तीन महिन्यांच्या साखरेला उपाशी राहायची गरज नाही.

फी: पहिली वेळ ___, परत दाखवणं ___. रोख आणि यूपीआय दोन्ही चालतं. महात्मा फुले योजना इथं नाही.

यायचं कसं: मध्यवर्ती बसस्थानकावरून परीख पुलाखालून राजारामपुरी. जोराच्या पावसात पुलाखाली पाणी साचतं, तेव्हा रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्यानं यायला सांगा. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना 18 पायऱ्यांचा, लिफ्ट नाही. चढता येत नसेल तर खालून फोन करा, डॉक्टर खाली येऊन बघतील.'

शेवटची ओळ डॉक्टरांनी स्वतः घातली.

आशाताई_गगनबावडा

'रिक्तपोटी' कोण म्हणतं आमच्याकडं? 'अनशापोटी' लिहा. आणि अनशापोटी म्हणजे पाणीही नको असं समजतात, म्हणून 'साधं पाणी चालतं, चहा नाही' हे पुढं लगेच हवं.

गडहिंग्लजचा_पुण्यात

'अनशापोटी'ला पाठिंबा. पुण्यात काही जणांना नाही कळणार, पण पुण्याहून कोण येतंय? 'चालू गोळ्यांची पाकिटं'ला आई म्हणेल पाकिटं फाडून टाकली, गोळ्या डबीत आहेत. 'गोळ्या जशा असतील तशा' असं लिहा.

सहा_ठिपके

'___ नंबर आत आहे' ही ओळ दर वेळी बदलली की माझा फोन आपणहून मोठ्यानं बोलू लागेल, असं करू नका. मी बोट नेलं की सांगू दे. 18 पायऱ्या लिहिल्यात, त्याबद्दल आभार. मी मोजत चढतो.

जुना_बुधवार

डॉक्टर खाली येऊन बघतील, ही ओळ वर घ्या ताई. मोठ्या अक्षरात.

राजारामपुरी_काउंटर

घेतली वर. 'अनशापोटी' केलं, पाणी-चहा लिहिलं, गोळ्यांचं बदललं. निपाणीकर, मजकूर तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, सावकाश करा.

वेबसाईट पूर्ण व्हायला अजून वेळ आहे, पण 'आज' पट्टी जुन्याच पानावर बसवून घेतली. उद्या गुरुवारी डॉक्टर नाहीत, तसं काल संध्याकाळीच टाकलं. आज सकाळी चंदगडहून त्याच आजोबांच्या नातवाचा फोन आला. शुक्रवारचा नंबर लावा म्हणाला, आजोबांची अनशापोटीची साखर तिथल्याच लॅबमध्ये करून घेतो. चार नंबर दिला. मग विचारलं त्यानं, पहिली गाडी सोडून आजोबांना चहा-भाकरी देऊन दुसऱ्या गाडीनं आणलं तर चालेल का.

चालेल म्हटलं.